भिंगरीला आळशी म्हणू नकोस

३ जुलै

दादा,

'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं दादा. तेवढ्यावर भागवून घे.

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं. म्हटलं, कोणीतरी गेलं असणार. उघडून बघते तर तक्रार! तीही माझी नाही, तुझ्या लेकीची. पण शेवटी माझ्याच खात्यावर टाकलीस. "भिंगरी तुझ्यावर गेली आहे. वर्गात झोपते, जेवताना पेंगते, शाळेतून बोलावणं आलं. तुझं ती ऐकेल. आळसाने आयुष्याचं काय होतं ते तिला दोन शब्दांत समजावून सांग."

म्हणजे मी नमुना! काचेच्या बरणीत घालून शाळेत ठेवतात तसला. बघ गं बाळ, अशी होशील.

दोन शब्द मी तिला नाही, तुला सांगणार आहे, आणि ते दोनावर थांबणार नाहीत.

आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. ती खदखदून हसली की तिचे गुडघे वाकतात का? हातातला पेला सुटतो का? मान पुढे पडते, पण शुद्ध जात नाही, सगळं ऐकू येत असतं, असं होतं का? सकाळी जाग आल्यावर हातपाय हलत नाहीत आणि खोलीत कोणीतरी उभं आहे असं वाटून ती घाबरते का? विचार तिला. दरडावून नको. शेजारी बसून विचार.

यातलं एकही उत्तर 'हो' आलं तर तो आळस नव्हे. त्याला नार्कोलेप्सी म्हणतात. माणसाला जागं ठेवणारं काहीतरी मेंदूत असतं, ते आमच्याकडे संपत आलेलं असतं. तुझं भरलेलं असतं म्हणून तू रात्री झोपतोस आणि दिवसा जागा राहतोस. त्यात तुझं कर्तृत्व शून्य आहे, दादा. उंची असते तसं ते.

मला हे नाव कळलं तेव्हा मी तुमच्यापासून दूर आले होते. त्याआधी माझं नाव कुंभकर्णीण होतं. आठवतं ना? आपलं गाद्यांचं दुकान, अण्णा खोळी बेतायचे, तू गिऱ्हाईक बघायचास, मी कडेचे टाके घालायची. सुई हातात धरून मी झोपायची आणि झोपेतच टाके घालत राहायची, वेडेवाकडे. गिऱ्हाईक हसायचं, "वा, गादीची जाहिरात छान आहे!" अण्णाही हसायचे. तू नाही हसायचास. तू माझ्या खुर्चीचा पाय लाथेने हलवायचास.

भिंगरीच्या खुर्चीला पाय लावू नकोस. झोपेच्या डॉक्टरांकडे ने तिला. लवकर.

— तुझी बहीण


२१ जुलै

दादा,

तुझं उत्तर वाचलं. मग उठून दोन पोती खत इकडून तिकडे नेलं. नाहीतर पत्र फाडलं असतं.

"असले मोठे आजार आपल्या घरात नाहीत." बरं. घरानेच ठरवलं म्हणजे प्रश्न मिटला. हसताना ती खाली बसते हे तूच लिहितोस आणि पुढच्याच ओळीत लिहितोस, "लक्ष वेधायला करते." चौदा वर्षांची मुलगी मैत्रिणींसमोर गुडघ्यांवर पडते, पोरं टाळ्या पिटतात, आणि हे तिने हौसेने केलं? झोपलेल्याला जागं करता येतं रे, झोपेचं सोंग घेतलेल्याला येत नाही. आणि सोंग तिने घेतलेलं नाही, तू घेतलंयस.

पुढे म्हणतोस, "तुझ्या वहिनीला कुठूनसं कळलं की तू खाण्यापिण्याने आणि सवयींनी सांभाळतेस. गोळ्याबिळ्यांच्या भानगडीत न पडता तेवढं कळव."

मी गोळी घेते. रोज. हे आधी लिहून टाकते, नाहीतर सोयीचं तेवढं वाचशील. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हा आजार पोटातून येत नाही आणि पोटातून जातही नाही, पण पोटाने शत्रूला सामील होऊ नये एवढं बघायचं. ते मी बघते. भिंगरीसाठी लिहिते, तुझ्यासाठी नाही.

सकाळी ठरल्या वेळी उठते. सुट्टी असो, पाहुणे असोत, वेळ तीच. उठल्याबरोबर उजेडात जाते. मी रोपवाटिकेत काम करते, त्यामुळे उजेडाला तोटा नाही. न्याहारीला अंडी किंवा दही, मूठभर दाणे, एखादं फळ. कॉफी सकाळीच. दुपारनंतर घेतली तर रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत होते आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करावी लागते. दुपारी पोटभर भात किंवा पाव-बटाटे खाल्ले की मी संपले. डोळ्यांवर कोणी ओलं घोंगडं टाकावं तसं होतं. म्हणून थोडं खाते, भाजी आणि मासा किंवा उकडलेली कडधान्यं, आणि मग संध्याकाळच्या आत पुन्हा थोडं. गोड बंद नाही, पण कामाच्या वेळी नाही. रात्री लवकर आणि हलकं. मग ठरल्या वेळी अंथरुणात, हातात फोन नाही.

आणि दुपारी जेवल्यावर झोपते. डुलकी लागत नाही, मी ती ठरवून घेते. हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि सगळ्यात जास्त टोमणे त्याच्यावरच मिळतात.

नोकरी मागायला आले तेव्हा मी मालकीणबाईंना आधीच सांगून टाकलं. लपवून लपवून वीट आला होता. त्या कलम बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "किती वेळ झोपतेस?"

"थोडाच. वीसेक मिनिटं."

"माझा आधीचा माणूस दिवसभर जागा असायचा आणि दिवसभर बिड्या ओढायचा. बियाण्यांच्या खोलीत बाज आहे. चादर आपली आण."

एवढंच, दादा. माझा आजार सांभाळायला जगाला एवढाच खर्च येतो. एक बाज आणि तोंड बंद ठेवणं. आपल्या दुकानात तर गाद्यांचे ढीग होते.

तिला डॉक्टरकडे कधी नेतोस ते कळव.

— तुझी बहीण


९ ऑगस्ट

दादा,

वहिनीचा फोन आला होता. बिचारी न्हाणीघरात जाऊन बोलत होती, नळ सोडून. स्वतःच्या घरात!

मी तुला खाण्यापिण्याचं लिहून पाठवलं ते पाप झालं माझ्याकडून असं वाटायला लागलंय. तू त्याचं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलंस. ठीक. पण त्यात शिक्षा कोणी घातल्या? पेंग आली तर उभं राहायचं. उभ्याने पेंग आली तर तोंडावर पाणी. भात बंद, पाव बंद, गोड बंद, वाढदिवसाचा केकसुद्धा बंद. पोरीच्या ताटात पालेभाजी आणि समोर तू, पहारेकऱ्यासारखा. आणि जे मी सगळ्यात मोठं म्हणून लिहिलं होतं, ती दुपारची झोप, नेमकी तीच गाळलीस! "तिचे लाड नकोत." डॉक्टरचं तर नावही नाही. "आधी आहाराने बघू."

पथ्य म्हणजे आधाराची काठी, दादा. लंगडणाऱ्याच्या हातात द्यायची असते. तू ती हिसकावून तिच्याच पाठीत घातलीस.

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. पण वहिनी शेवटी काय म्हणाली ते ऐक. "घरात आता कोणी विनोद करत नाही. ह्यांनी सांगितलंय, तिला हसवायचं नाही, म्हणजे ती पडणार नाही. रेडिओसुद्धा बंद केलाय. परवा जेवताना मला ठसका लागला, तिला हसू आलं, तर तिने स्वतःचा ओठ चावला. रक्त आलं, वन्सं."

मला माहीत आहे तो ओठ. मी कित्येक वर्षं चावला आहे. मैत्रीण काही गमतीचं सांगायला लागली की मी मनात पावकीचे पाढे म्हणायची, ऐकू येऊ नये म्हणून. हळूहळू लोक म्हणायला लागले, ही घुमी आहे, हिला कशाचंच काही वाटत नाही. हसले तर नाटकी आणि नाही हसले तर घुमी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

हसणं बंद करणं हे कुठल्याही पथ्यात बसत नाही. हसताना शेजारी कोणीतरी असावं, खुर्ची जवळ असावी, एवढंच पथ्य. पडली तर तिच्याजवळ खाली बस आणि थांब. ती उठते. आपली आपण उठते.

रेडिओ लाव आधी.

— तुझी बहीण


१६ ऑगस्ट

दादा,

भिंगरी माझ्याकडे सुखरूप आहे हे मी कालच फोनवर वहिनीला सांगितलं. तू फोन हातात घेतलास आणि "तिला परत पाठव" एवढं बोलून ठेवलास. म्हणून लिहिते. पत्र मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण मग ते तिथेच पडून बघत राहतं.

ती शाळेचं दप्तर घेऊन बसमध्ये बसली. पत्रावरच्या पत्त्यावरून माझा थांबा तिला माहीत होता, पण त्याच्या आधीच झोप लागली. बस शेवटपर्यंत गेली आणि डेपोत लागली. झाडू मारणाऱ्या बाईंना मागच्या बाकावर ती दिसली. त्या तिला हलवून उठवायला लागल्या, तर डोळे उघडे पण अंग हलेना. बाईंनी आरडाओरडा करून सगळा डेपो गोळा केला. एकजण म्हणाला, "नशा केलीय." दुसरा म्हणाला, "आजकालच्या मुली." उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाईंनी मात्र तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंगात त्राण आल्यावर पाणी पाजलं आणि विचारलं, "कोणाला फोन करू, बाळ? आईला की बापाला?"

ती म्हणाली, "आत्याला."

याच्यावर मी काही लिहीत नाही. तूच विचार कर.

मी जाऊन तिला घेऊन आले. पोरगी केवढी उंच झालीय! पण हाडं नि कातडं. मी तिला भात वाढला. थोडाच, सोबत अंड्याचा रस्सा आणि भाजी. तिने माझ्याकडे चोरासारखं बघितलं. "आत्या, भात चालतो?"

"चालतो की. एवढुसा चालतो. जास्त खाल्लास तर झोप येईल. आली तर झोपशील. पोलीस येणार नाहीत."

आज तिला कामावर घेऊन आले. दुपारी बियाण्यांच्या खोलीत आम्ही दोघी एका बाजेवर, डोकं-पाय उलटसुलट. झोपून उठलो तेव्हा तिचा चेहरा पुसून काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता. आणि मग तिने मला जे विचारलं ते तुला कळायलाच हवं.

"आत्या, आजोबा गेले तेव्हा तू खरंच झोपली होतीस?"

"हो."

"म्हणजे बाबा सांगतात ते खरं आहे?"

"मी झोपले होते हे खरं. बाकीचं खोटं."

तुला आठवत असेल तू दारात काय बोललास. काका, मावशी, शेजारीपाजारी, सगळे पायऱ्यांवर. मी आतून धडपडत बाहेर येतेय आणि तू म्हणतोयस, "बाप शेवटचा श्वास घेत होता आणि ही घोरत पडली होती. हिला कशाचंच काही नाही." अण्णांच्या उशाशी आदल्या दिवसापासून मी होते. त्यांचे ओठ ओले करत होते. तू औषध आणायला गेलास आणि मला वाटलं, आता तू येईपर्यंत मी डोळ्याला डोळा लावणार नाही. मी उभी राहिले, दादा. भिंतीला धरून उभी राहिले. स्वतःला चिमटे काढले, हातावर काळेनिळे डाग होते, ते तू बघितले नाहीस. दुःख झालं, भीती वाटली की आमची झोप उलट जास्त येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जाग आली तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता आणि गार होता.

कशाचंच काही नाही! सहा वर्षं मी त्या वाक्याखाली राहिले आहे. त्याच्या खालून मी तुझ्या मुलीला जाऊ देणार नाही.

परवा मी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे. वहिनी येते म्हणाली, उघडपणे, नळ न सोडता. तुला यायचं तर ये. नाही आलास तर आम्ही तिघी आहोतच.

— तुझी बहीण


१७ सप्टेंबर

दादा,

तपासणीच्या दिवशी तू आलास, हे मी मान्य करते. उशिरा आलास, दाराजवळच्या खुर्चीत बसलास, पण आलास. डोक्याला वायरी लावलेली मुलगी दिवसाढवळ्या, खिडकीबाहेर गाड्यांचा गोंगाट चाललेला असताना, दिवा मालवल्याबरोबर झोपत होती. थोड्या वेळाने उठवायचे, पुन्हा झोपत होती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या रेघा तुला दाखवल्या. तू विचारलंस, "हे मुद्दाम करता येत नाही का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही करून दाखवा. बाजूची खाट रिकामी आहे."

तू पुन्हा रेघा बघायला लागलास. त्याच वेळी मी तुझ्यावर जास्त चिडले होते हे सांगून टाकते. कारण तुझ्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं, की तुला खरं वाटलं. एका पडद्यावरच्या रेघांनी तुला पटवलं. तुझी बहीण इतकी वर्षं तोंडाने सांगत होती, ते नाही पटलं.

भिंगरी घरी परत गेल्यापासूनच्या बातम्या वहिनी देते. गोळी सुरू झाली. शाळेतून आल्यावर झोपते, मग अभ्यासाला बसते. डब्यात पाव कमी, अंडी आणि दाणे जास्त. संध्याकाळी तू तिच्याबरोबर चालायला जातोस. केक झाला, रविवारी, सगळ्यांनी खाल्ला. सगळे दिवस चांगले जात नाहीत, परवा परीक्षेत पेपरावरच डोकं टेकलं. ते व्हायचंच. सवयींनी आजार मुठीत येतो, खिशात जात नाही.

आणि वहिनीने तुझा शाळेतला पराक्रमही सांगितला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एका मुलीला मधल्या सुट्टीत झोपू दिलं तर उद्या सगळे झोपतील." तेव्हा तू टेबलावर हात आपटलास. "सगळे झोपले तर सगळ्यांना डॉक्टरकडे न्या! माझी मुलगी आजारी आहे, आळशी नाही. हे मला एका माणसाने सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. तुम्ही ऐका." आजारी मुलांच्या खोलीतली खाट तिला मिळाली म्हणे.

चांगलं केलंस. मनापासून सांगते, चांगलं केलंस. आणि तरी हे ऐकून मी भांडी आपटली. लेकीसाठी तुझा घसा एवढा मोठा निघाला. तो तेव्हाही तुझ्याच गळ्यात होता ना?

आता तुझ्या पत्राबद्दल. "झालं गेलं विसरू. दुकानात परत ये, तुझी जागा तुझीच आहे."

विसरू? दोघांनी मिळून? मारणाऱ्याने आणि मार खाणाऱ्याने मिळून विसरायचं, ही वाटणी तुझ्या सोयीची आहे. आणि दुकानात मी येणार नाही. रुसून नव्हे. मला माझं काम आवडतं. इथे मी लावलेली झाडं लोकांच्या अंगणात उभी आहेत. तुझ्या दुकानात माझी जागा होती ती खुर्ची होती, आणि तू ती हलवायचास.

पण पत्राच्या शेवटी तू बारीक अक्षरात आणखी एक लिहिलंयस. येत्या रविवारी काका, मावशी, सगळे जेवायला येणार आहेत, आणि त्या दिवशी दारात जे बोललास ते चुकीचं होतं, हे तू त्यांच्यासमोर सांगणार आहेस. मी असले तर बरं, नसले तरी सांगणार आहेस.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग मालकीणबाईंकडे रविवारची सुट्टी मागितली.

येते. मला माफी मागून दाखवू नकोस, रडू नकोस, मावशीला तर मुळीच रडू देऊ नकोस. जे बोललास तेवढंच परत घे, तेवढ्याच मोठ्या आवाजात. राग जाईल की नाही ते मला माहीत नाही. जाईल तेव्हा कळवीन.

माझ्यासाठी वेगळं काही शिजवायला नको, वहिनीला सांग. सगळ्यांचंच खाईन, थोडं. आणि जेवण झालं की मी आणि भिंगरी झोपणार आहोत. आतल्या खोलीत दार लोटून नाही. बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या मध्ये, उशी घेऊन. मावशीने बोलणं थांबवायचं नाही, काकांनी खोकला दाबायचा नाही. कोणी विचारलं, "ह्या दोघी अशा भरदुपारी काय झोपल्या?" तर उत्तर तू द्यायचंस.

— तुझी धाकटी बहीण